आजार रेड्याला, औषध पखालीला: फाइलसिस्टिम बिघडली की डिस्कच दोषी का?

'फाइलसिस्टिम करप्ट झाली तर काय कराल' असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. (फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइल्स कुठे, कशा ठेवल्यात याची व्यवस्था; करप्ट म्हणजे ती बिघडली.) पाच गोष्टी ठासून सांगितल्यात त्यात: करप्शन म्हणजे डिस्क गेली; रॅम खराब असती तर कॉम्प्युटर चालूच झाला नसता; रिपेअर कमांड चालवा आणि प्रत्येक प्रश्नाला 'यस' द्या; शंका असेल तर मेमरी टेस्ट एकदा फिरवा, पास झाली की विषय संपला; आणि बीटीआरएफएस, झेडएफएस या फाइलसिस्टिम वापरूच नका, त्याच बिघडतात. माझ्या मावसभावाने हे सगळं शब्दशः पाळलं. नवी एसएसडी घेतली, जुन्या डिस्कवर रिपेअर मारलं, आणि थोड्याच दिवसांत नव्या एसएसडीवर तेच एरर! रॅमची एक स्टिक खराब निघाली. तोपर्यंत जुन्या डिस्कवरच्या फाइल्सची नावं जाऊन सगळा ढीग लॉस्ट-फाउंड या बेवारस फाइल्सच्या फोल्डरमध्ये पडला होता. म्हणून हे लिहितोय.

आधी सगळ्यात घातक मुद्दा, तो 'सगळ्याला यस द्या' वाला. अरे, रिपेअर टूल चालतं कुठे? त्याच रॅममध्ये! ते डिस्कवरून मेटाडेटा (फाइल्सची नावं, जागा वगैरेची नोंद) वाचतं, रॅममध्ये ठेवतं, तिथे तपासतं, आणि त्याला जे चुकीचं वाटेल ते बदलून परत डिस्कवर लिहितं. आता रॅमच खोटं सांगत असेल तर डिस्कवर धडधाकट असलेला ब्लॉक त्याला मोडका दिसणार, आणि ते तो 'दुरुस्त' करणार, म्हणजे कायमचा मोडणार. त्याआधी नुकसान दोन-चार ब्लॉकपुरतं असतं, पण रिपेअर सगळा मेटाडेटा त्या खराब जागेवरून फिरवतं. बीटीआरएफएसच्या रिपेअर ऑप्शनवर तर बनवणाऱ्यांनीच इशारा लिहून ठेवलाय की डेव्हलपर किंवा जाणकार माणसाने सांगितल्याशिवाय हे चालवू नका. तो इशारा गाळून कमांड तेवढी पुढे ढकलणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. नुसतं बघायचं असेल तर ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमसाठी एफएससीके या तपासणी कमांडला 'एन' ऑप्शन आहे, तो काहीच लिहीत नाही, आणि बीटीआरएफएसचं चेक मुळातच फक्त वाचतं. पण खरं म्हणजे डिस्क काढा, धडधाकट मशीनला जोडा, रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट करा आणि तिथून डेटा उचला. संशयित मशीनवर बॅकअप घेऊ नका, कारण ती कॉपीसुद्धा त्याच रॅममधून जाते, आणि जुन्या चांगल्या बॅकअपवर तर अजिबात ओव्हरराइट करू नका.

'रॅम खराब असती तर चालूच झाला नसता' हे ऐकून ऐकून कान किटले. ८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७१ कोटी बिट असतात. त्यातला एक बिट अडकला तर त्या क्षणी त्या जागी काय ठेवलंय त्यावर सगळं अवलंबून. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड असेल तर मशीन कोसळेल, फोटोचा तुकडा असेल तर फोटो बिघडेल आणि कोणाला कळणारही नाही. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम मोकळी रॅम फाइल कॅशसाठी वापरते, म्हणजे मार बऱ्याचदा फाइल्सनाच बसतो. ज्यांना वाटतं हे क्वचित होतं त्यांनी २००९ चा गूगलच्या सर्व्हरांवरचा मोठा अभ्यास बघावा, टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या संशोधकांनी केलेला. वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलमध्ये एरर आले, आणि मशीन धरली तर जवळजवळ एक तृतीयांश. ही सगळी चालू असलेली, काम करत असलेली मशीन होती! त्यांच्यात ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून सुधारणारी सोय) होतं म्हणून एरर मोजता आले. आपल्या साध्या डेस्कटॉप-लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा ते नसतं, एरर येतो आणि गुपचूप पुढे जातो.

आता 'करप्शन म्हणजे डिस्क गेली'. यात अर्धं खरं आहे, मान्य करतो, डिस्क जातात, आणि स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५ किंवा १९७ नंबरचा, म्हणजे खराब सेक्टरचा, आकडा वाढत असेल तर डिस्कवरच संशय घ्या (१९९ वाढत असेल तर बऱ्याचदा केबल असते). पण डिस्क प्रत्येक सेक्टरसोबत स्वतःचा एरर करेक्शन कोड ठेवते, त्यामुळे ती बिघडली की सहसा सरळ रीड एरर देते. एकच बिट उलटा करून चुपचाप हातात ठेवणं ही तिची सवय नाही, रॅमची आहे.

कसं ओळखायचं? कर्नल लॉग वाचा. समजा बीटीआरएफएस 'बॅड की ऑर्डर' म्हणतंय, म्हणजे नोंदींचे नंबर (की) चढत्या क्रमाने नाहीत, आणि की अशा आहेत: १८७३१, १८७३२, ५१५०१, १८७३४. मधला १८७३३ हवा होता. ५१५०१ मधून १८७३३ वजा करा, येतात ३२७६८, म्हणजे २ चा १५ वा घात. बरोबर एक बिट उलटलाय! डिस्कचा सेक्टर गेला तर असं नेमकं एका बिटाचं काम दिसत नाही. दुसरी खूण, दोन कॉपी ठेवलेल्या असताना दोन्हीत तीच चूक असणं, कारण लिहिण्याआधीच ती बिघडली होती. आणि 'राइट टाइम' (डिस्कवर लिहिण्याआधी पकडलेलं) करप्शन असा मेसेज आला तर तो ब्लॉक अजून डिस्कवर गेलेलाच नाही, मग डिस्कला दोष कसा देता?

यातच मेसेजमधला 'बीटीआरएफएस, झेडएफएस वापरू नका' हा शेवटचा मुद्दाही निकालात निघतो. ही लिहिण्याआधीची तपासणी बीटीआरएफएसमध्ये २०१९ च्या ५.२ कर्नलपासून आहे. ती फाइलसिस्टिम चूक पकडून सांगते म्हणून ती वाईट, आणि जी डेटाचा चेकसम (बदल पकडणारा पडताळणीचा आकडा) ठेवतच नाही ती चांगली?

राहिली मेमरी टेस्ट. मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमने एक जरी एरर दाखवला तर रॅम निर्दोष धरू नका, पण एका फेरीत पास झाली याला फारसा अर्थ नाही, काही दोष मशीन तापल्यावर किंवा लोड आल्यावरच दिसतात. रात्रभर चालू द्या. आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून बघा, मग एकेक स्टिक, एकेक स्लॉट, कारण दोष स्लॉटचा किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचाही असू शकतो.

आणि रॅम बदलल्यावर स्क्रब (सगळा डेटा चेकसमशी ताडून बघणारी तपासणी) क्लीन आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. चेकसम काढण्याआधीच डेटा बिघडला असेल तर चेकसम त्या बिघडलेल्या डेटाचाच आहे, तो जुळणारच. रॅम खराब असलेल्या काळात ज्या फाइल्स लिहिल्या किंवा कॉपी केल्या त्या जुन्या बॅकअपशी एसएचए२५६ (फाइलच्या मजकुराचा ठसा) काढून ताडून बघा, ज्यांचा बॅकअप नाही त्या एकेक उघडून.