मूल दृक की श्राव्य, हे आधी ओळखा म्हणे!

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश दर जूनमध्ये नव्याने फिरतो. धुळ्याच्या गटातून जळगावच्या, तिथून नंदुरबारच्या, आणि ‘अग्रेषित’ची खूण लागून पुन्हा आपल्याकडे. त्यातलं म्हणणं असं: प्रत्येक मूल दृक (पाहून शिकणारं), श्राव्य (ऐकून शिकणारं) किंवा कृतिशील (करून शिकणारं) असतं. दहा प्रश्नांची चाचणी घ्या, वर्गाचे तीन गट करा आणि ज्याला-त्याला त्याच्याच शैलीने शिकवा. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० आणि स्वतः केलेलं ९०. मूल मागे राहिलं, तर त्याची शैली तुम्हाला ओळखता आली नाही.

टक्क्यांचा हिशेब आधी मिटवू. हे आकडे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवले जातात. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू, म्हणजे प्रत्यक्ष कृतीपासून नुसत्या शब्दांपर्यंतच्या अनुभवांची उतरंड, मांडला खरा, पण त्यात एकही टक्का नव्हता. आकडे मागाहून कुणीतरी चिकटवले. दहा, वीस, नव्वद असे गुळगुळीत आकडे खऱ्या मुलांच्या चाचणीतून निघत नाहीत, एवढं तर पेपर तपासणाऱ्या कुणालाही कळावं.

‘प्रत्येक मुलाची एक शैली असते.’ आवड असते, हे मान्य. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची १९९२ पासून गाजलेली शैली ओळखण्याची प्रश्नावली विचारते तीही आवडच. पण आवडीच्या मार्गाने शिकवलं म्हणजे जास्त येतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी शैलींची तब्बल ७१ प्रारूपं मोजली. मुलाची शैली नेमकी कोणत्या प्रारूपाने ठरवायची? २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी सगळे पुरावे चाळले. शैली जुळवून शिकवल्याने फायदा होतो म्हणायला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. नीट बेतलेले प्रयोग मुळात थोडे, आणि त्यांतले काही तर उलट बोलणारे.

वर्गात उभं राहिलं की कारणही दिसतं. कसं शिकवायचं हे बऱ्याचदा धडाच ठरवतो. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, हे नकाशा न दाखवता नुसतं बोलून ‘श्राव्य’ मुलाला सांगणार? आणि ‘दृक’ मुलाला कवितेची चाल चित्र काढून दाखवणार?

‘कृतिशील मुलांना वही-पुस्तकात अडकवू नका.’ या संदेशातलं सर्वांत घातक वाक्य हेच. वाचन अडखळतं ते मूल वाचन टाळतं, हातांनी काही करायला मिळालं की खुलतं, म्हणून त्याला ‘कृतिशील’ शिक्का बसतो. मग वाचनाच्या तासाला त्याच्या हाती माती नाहीतर कागद. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो.

कृतीला विरोध नाही. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहितं, तेव्हा ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढत असतं. कपाशीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या. सात सुट्या देता येत नाहीत म्हणून एक गठ्ठा सुटतो, बारा होतात, हे त्याला दिसतं. पण गठ्ठा सुटतो त्याच क्षणी वहीत पाचाचे चार झाले पाहिजेत. काड्या वेगळ्या आणि गणित वेगळं राहिलं, तर काड्यांचा नुसता खेळ होतो. आणि हे सगळ्या वर्गासाठी; ‘दृक’ मुलांनी काय घोडं मारलंय?

‘मागे पडण्याचं कारण शैली.’ आपल्याकडची कारणं बघा. अहिराणी घरातलं मूल ‘शाळा’ला ‘शाया’ लिहितं, ‘डोळा’ला ‘डोया’. ते कानाने कच्चं नाही; घरी ऐकलं तसंच नियमाने लिहितंय. त्याला गोष्ट आधी अहिराणीत सांगू द्या, मग दोन्ही रूपं फळ्यावर शेजारी मांडा. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांचं अंतर याहून मोठं, तिथे घरच्या भाषेतल्या तोंडी कामाला आणखी वेळ द्यावा लागतो. ऊसतोडीला आई-बापाबरोबर गेलेलं मूल परत येतं तेव्हा त्याचे ठरावीक घटक बुडालेले असतात. आणि फळ्यावरचं न दिसणारं मूल ‘श्राव्य’ नसतं, त्याला चष्मा हवा असतो. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, तेव्हा अशा मुलाचं नाव आपण पुढे करावं. दिव्यांगत्व हा तर खराच वेगळा प्रश्न. २०१६ च्या कायद्यात त्याचे २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली विशिष्ट अडचण) त्यांतला एक. तिथे तज्ज्ञांची तपासणी लागते, मोबाइलवरची प्रश्नमंजूषा नव्हे.

गट करायचेच, तर आज काय येतं यावरून करा. एकेकाला जवळ बोलवा, एक परिच्छेद वाचायला द्या, एक हातच्याची वजाबाकी द्या. अक्षरावर अडणारे, शब्दावर अडणारे, वाचून अर्थ न लागणारे असे गट आपोआप पडतात. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने इयत्तेऐवजी स्तर पाहून शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिचा गाभा हाच. गट महिन्याभराने मोडून पुन्हा बांधायचे. वाचनातला मागचा गणितात पुढे असू शकतो.

‘दोन शिक्षक, चार वर्ग, एवढं जमणार कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. पण मग एकच धडा तीन शैलींत तीनदा शिकवणं तरी कुठे जमतं? सुरुवात तासाच्या पहिल्या पाच मिनिटांपासून करता येते. पुस्तकं बंद, कालचे दोन प्रश्न, मागच्या आठवड्यातला एक, उत्तर प्रत्येकाने पाटीवर. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे. पाट्या वर झाल्या की कुणाजवळ जाऊन बसायचं, ते तिथेच दिसतं.