एका हेडलाईटसाठी अख्खा सेट?

आज डोकं फिरलंय, लिहितोच. नव्या गाडीचा डावा हेडलाईट मंद पडला म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो, तर तिथला मुलगा म्हणतो, सर एलईडी आहे, बल्ब वेगळा येत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. आकडा ऐकून तसाच उठून आलो. वॉरंटी आत्ता कुठे संपलीये!

बाबांची मारुती ८०० अजून दारात आहे, २००१ ची. तिचा हॅलोजन बल्ब कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. मागची रबरी टोपी काढा, क्लिप सोडवा, नवा घाला, झालं. शाळेत असताना मी करायचो हे.

आणि मग आंबा घाट आठवतोच. गणपतीला रत्नागिरीला निघालेलो, धो धो पाऊस, घाटात क्लचची वायर तुटली. बाबांच्या डिकीत क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, फॅनबेल्ट कायम असायचं. एका ट्रकवाल्याने घाटाखालच्या साखरप्यात निरोप दिला, तिथून एक मेस्त्री एम-८० दुचाकीवर पान्यांची पिशवी घेऊन आला, आईने टॉर्च धरला आणि थोड्या वेळात आम्ही परत रस्त्याला. पैसे किती घेतले आठवत नाही, पण बाबांना ते देताना विचार करावा लागला नव्हता एवढं नक्की.

हां, नवी गाडी चालवायला भारी आहे. तोच घाट ती एसी लावून सहज चढते, ८०० ची ७९६ सीसी आणि तीन सिलेंडर, चौघं बसले की एसी बंद करून सेकंड गियर. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मान्य, पोरीला शाळेत सोडायला मी नवीच काढतो.

पण म्हणून दुरुस्तीच काढून घ्यायची का माणसाच्या हातातून? इलेक्ट्रॉनिक्स आलं की असंच होणार म्हणू नका, आमची ८०० एमपीएफआय आहे, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर तिच्यातही आहे, तरी कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मेस्त्री तिला हात घालतात. नव्या गाडीचं बॉनेट ते उघडतात, बघतात आणि बंद करतात. साधा स्कॅनर फक्त बिघाडाचा कोड दाखवतो, पार्ट बदलला तरी गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची ओळख करून देणारं कोडिंग बऱ्याचदा कंपनीच्याच मशीनवर. आयुष्य इंजिनात गेलेल्या माणसाला असं मागे सरताना बघून आज खरंच वाईट वाटलं. तो साखरप्याचा मेस्त्री आज या गाडीपाशी आला असता तर त्यानेही काय केलं असतं, टोइंगचा नंबर दिला असता.

केंद्राने २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पण उद्यमनगरात त्यातून काय पोचलं ते दाखवा मला. उलट वीस वर्षांवरच्या गाडीची रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० केली. म्हणजे नीट सांभाळून ठेवलेल्या गाडीला दंड, आणि एका दिव्यासाठी अख्खी असेंब्ली फेकायला लावणाऱ्याला कोण विचारतंय?

८०० चं पासिंग यावर्षी आहे, भरणार ते दहा हजार. डिकीत क्लचची वायर आजही आहे, बाबांनी स्वतः गुंडाळून ठेवलेली.

बाकी कोल्हापूर-सांगलीत एलईडी युनिट उघडून आतून दुरुस्त करणारा कोणी माहीत असेल तर इनबॉक्स करा. असेंब्ली मी घेणार नाहीये.