डिसेंबर सोडून उरलेले महिने

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘साहित्य अकादमी म्हणजे सरकारी पैशावर चालणारं पुरस्कारांचं दुकान, उद्या बंद केलं तरी वाचकाचं काही अडणार नाही,’ असं तुमचं म्हणणं.

पुरस्कारांवरून मी भांडणार नाही. एक लाख रुपये आणि ताम्रपट कुणाला मिळाला, यावर दर डिसेंबरात जो शिमगा होतो त्यात मीही बोंब ठोकलेली आहे. पण २४ भाषांचं बघणाऱ्या संस्थेला तेवढ्यावरून जोखणं म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून संसार जोखण्यासारखं झालं.

‘सरकारी’ हा शब्द जास्त खटकला. पैसा सरकारचा, हे खरंच. पण गोव्याचं बघा. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद किती कडवट होता ते तिथल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा. अकादमीचे तेव्हाचे अध्यक्ष सुनीतिकुमार चटर्जी, स्वतः भाषाशास्त्रज्ञ. त्यांनी प्रश्न तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवला आणि १९७५ साली अकादमीनं कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते झोंबलं. गोव्यात ती राजभाषा झाली १९८७ साली, राज्यघटनेत मान्य भाषांची यादी असते त्या आठव्या अनुसूचीत गेली १९९२ साली. म्हणजे सरकार मागून आलं. राजस्थानी तर अजून अनुसूचीत नाही, अकादमीत मात्र केव्हाची आहे.

तुम्ही २०१५ ची आठवण काढलीत, तिथे मी गप्प. कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गींचा खून त्या वर्षी ३० ऑगस्टला झाला. ते अकादमीचेच पुरस्कारविजेते. कार्यकारी मंडळाचा निषेधाचा ठराव आला २३ ऑक्टोबरला, तोही लेखक एकामागून एक पुरस्कार परत करू लागल्यावर. भाषेच्या वादात ठाम राहिलेली संस्था आपल्याच लेखकासाठी इतकी चाचरली, हे मला आजही पचत नाही.

आता वाचकाचं काय अडतं ते. ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ या मालिकेतली एक पातळ पुस्तिका आत्ता टेबलावर आहे. एका ओडिया कवीवरची, मराठीत. असलं पुस्तक धंदा म्हणून कोण काढेल? मला ओडियाचं एक अक्षर येत नाही, तरी त्या कवीशी ओळख झाली. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या इमारतीत अकादमीचं कार्यालय आहे, तिथे अशी पुस्तकं मिळतात. नाहीतर माझी प्रत देतो. फक्त जपून वाचा, हाताळून हाताळून मुखपृष्ठ सुटायला आलंय.