शाळा चांगली कशावरून?

मागच्या महिन्यात वहिनीचा फोन आला. तिकडे रात्रीचे साडेदहा, घरातलं सगळं आवरून झालेलं, आणि इकडे अमेरिकेत माझी जेवणाची सुट्टी. भाच्याला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. माण तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा घरापासून चार मिनिटांवर आहे. चौथीपर्यंत वर्ग, पट एकोणीस, शिक्षक दोन. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, बारा किलोमीटरवर, सकाळी सव्वासातला व्हॅन. दादाचं मन व्हॅनच्या बाजूनं झालेलंच आहे. वहिनी मात्र अडली होती. "तुझी लेक तिथं सरकारी शाळेतच जाते ना? मग मला सांग, सरकारी शाळा चांगली आहे की नाही, हे ओळखायचं कशावरून?"

तेव्हा मी तिला जे सांगितलं ते अर्धवट होतं. त्यानंतर बरेच दिवस तोच प्रश्न डोक्यात आहे, म्हणून हे नीट लिहून काढते आहे.

न्यू जर्सीत येऊन मला तेरा वर्षं झाली. इथे घर शोधताना घराच्या फोटोखाली शाळेचा आकडा दिसतो. ग्रेटस्कूल्स नावाची एक ना-नफा संस्था आहे, ती प्रत्येक सरकारी शाळेला १ ते १० मध्ये गुण देते आणि घरविक्रीच्या मोठ्या संकेतस्थळांवर तोच आकडा झळकतो. पत्ता ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीची. त्यामुळे नऊ-दहाच्या हद्दीतलं घर महाग आणि चार-पाचच्या हद्दीतलं स्वस्त. न्यू जर्सीत घरामागे सरासरी मालमत्ता कर वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास जातो आणि त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग शाळांना मिळतो. म्हणजे शाळा सरकारी असली तरी तिच्या दारापर्यंत पोचायला घराची किंमत मोजावी लागते. मंडळाच्या गणपतीत नव्यानं आलेल्या जोडप्याला पहिला प्रश्न हाच असतो, "डिस्ट्रिक्ट कुठलं?" आणि त्या प्रश्नामागे हा आकडाच असतो.

आम्ही भाड्यानं राहायला आलो ते पाचच्या हद्दीत. लेक चार वर्षांची झाली तशी घर बदलायचा सल्ला चारी बाजूंनी सुरू झाला. माणसं आपुलकीनं सांगत होती, त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मला हा पाच येतो कुठून ते समजून घ्यायचं होतं. त्या आकड्यात मोठा वाटा राज्याच्या परीक्षेतल्या निकालाचा. ही परीक्षा तिसरीपासून होते, मराठी शाळेत म्हणावं तसं भाषा आणि गणित. आणि परीक्षेत किती मुलं पार होतात हे बऱ्याच अंशी मुलं कुठल्या घरातून येतात यावर ठरतं, हे इथल्या शिक्षणतज्ज्ञांनी अनेक वर्षं, अनेक तऱ्हांनी दाखवून दिलं आहे. आई-वडील दोघं इंजिनिअर, घरात पुस्तकं, शनिवारी गणिताचा क्लास, अशा घरांची मुलं ज्या शाळेत जमतात तिला नऊ मिळतात. त्यातलं शाळेनं किती शिकवलं आणि घरानं किती, हे नऊ सांगत नाही. या संस्थेनंच २०१७ पासून पद्धत बदलून मुलांची प्रगतीही मोजायला सुरुवात केली. आम्ही मात्र अजून तो एकच आकडा पाहून घरं घेतो.

राज्य सरकार प्रत्येक शाळेचा एक अहवाल दरवर्षी सगळ्यांसाठी खुला ठेवतं. त्यात दोन गोष्टी मला कामाच्या वाटल्या. एक म्हणजे प्रगती: मागच्या वर्षी ज्यांचे गुण साधारण सारखे होते अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं यंदा किती पुढे सरकली. दुसरी म्हणजे गैरहजेरी. वर्षाच्या शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस चुकवणारी मुलं किती, याचं प्रमाण. इथे शाळेचे दिवस १८०, म्हणजे अठरा दिवस चुकले की मूल त्या यादीत. आमच्या पाचवाल्या शाळेत निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नव्हते. पार होणारी मुलं कमी होती, पण प्रगतीचा आकडा शेजारच्या नऊवाल्या शाळेपेक्षा वर होता. आम्ही घर बदललं नाही.

पहिलीत पालकभेटीला गेले तेव्हा बाईंसमोर एक वही होती. लेकीनं ऑक्टोबरात काय वाचलं, कुठे अडली, जानेवारीत काय वाचलं, सगळं त्यात तारखेनिशी. त्या म्हणाल्या, ही भराभर वाचते, पण वाचलेलं विचारलं तर सांगता येत नाही, म्हणून आता हिला कमी वाचायला देऊन जास्त बोलायला लावते. मला घरात कधी लक्षात आलं नव्हतं. मी तिच्या वाचण्याच्या वेगावरच खूश होते. वर्गात वीस मुलं, आणि त्यातल्या प्रत्येकाचं असं पान. वाचनात मागे पडलेल्या चार मुलांना रोज अर्धा तास वेगळी शिक्षिका बाजूच्या खोलीत घेऊन बसायची. त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात शाळेविषयीचा प्रश्न मिटला होता.

पुढे तो परत उभा राहिला, तेही सांगायला हवं. दुसरीत तिच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि जानेवारीपासून वर्गाला कायमचे शिक्षक नव्हते. दर दोन-तीन आठवड्यांनी नवा चेहरा. लेकीची वजाबाकी तिथंच लंगडी राहिली. आम्ही सहा पालक स्कूल बोर्डाच्या बैठकीला गेलो. हे बोर्ड गावातल्या मतदारांनी निवडलेलं असतं, आणि १९७५ च्या कायद्यानं अशा बैठका सगळ्यांना खुल्या असतात. प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला मिळतात, जे बोललं ते इतिवृत्तात जातं. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा ठिकाणी उभी राहिले आणि हात थरथरत होते. मार्चच्या मध्याला शिक्षक आले. आम्ही बोललो नसतो तरी आले असते कदाचित, पण आमचा प्रश्न कागदावर होता आणि त्याला तारीख होती, हे मी विसरत नाही.

गावाकडच्या बातम्या मी रोज वाचते. २०२५ च्या १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, त्यावरून महाराष्ट्र पेटला, आणि २९ जूनला सरकारनं माघार घेतली. त्या वादात मी मनानं पूर्णपणे विरोधकांच्या बाजूला होते, आजही आहे. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये. पण त्या अडीच महिन्यांत, तिसरीतल्या मुलाला पहिली भाषा, मराठी, वाचता येते का, हा प्रश्न मला फार थोड्या जणांच्या तोंडी ऐकू आला. त्याआधी २०२४ च्या फेब्रुवारीत पंचवीस टक्के राखीव जागांचा नियम बदलला होता. खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला या जागा देण्यातून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो बदल रद्द केला हे बरं झालं. मला त्यात खटकलं ते हे की सरकारनं शाळेचं अंतर मोजलं आणि आत काय चालतं ते मोजलंच नाही.

'असर' अहवाल २००५ पासून ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन तपासतो. २०२४ च्या पाहणीत देशातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं निम्म्याच्या आसपास होती. यात खासगी शाळांतली मुलंही धरलेली आहेत. म्हणजे व्हॅननं जाणारं प्रत्येक मूल वाचतं, असं समजायला आधार नाही. असरची तपासणी करायला अधिकारी लागत नाही, संगणक लागत नाही. कार्यकर्ता घरी जातो, मुलाला शेजारी बसवतो, आणि एका कागदावरची अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचून घेतो. मग हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. वहिनी हे उद्या करू शकते.

माध्यमाबद्दल दादाचं म्हणणं मला समजतं. त्याला इंग्रजीनं दोनदा मुलाखतीतून परत पाठवलंय, ते दुःख खोटं नाही. त्याला मी युनियन सिटीबद्दल सांगते. आमच्याच राज्यात, हडसन नदीपलीकडे, न्यू यॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या समोरचं दाटीवाटीचं शहर. बहुतेक मुलं लॅटिनो, घरी स्पॅनिश बोलणारी, आई-वडील कष्टकरी. १९८९ मध्ये तिथल्या शाळा इतक्या खालावल्या होत्या की राज्य सरकार त्या ताब्यात घेण्याच्या बेतात होतं. शहरानं मुदत मागून घेतली आणि कामाला लागलं. मुलांना आधी स्पॅनिशमध्ये लिहा-वाचायला शिकवायचं, मग हळूहळू इंग्रजीकडे न्यायचं. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी. चांगल्या शिक्षकांनी कच्च्या शिक्षकांच्या वर्गात बसून त्यांना शिकवायचं. कुठली शाळा बंद करून गाजावाजा केला नाही, कोणाला बाहेरून तारणहार म्हणून आणलं नाही. पुढे तिथली मुलं राज्याच्या सरासरीच्या जवळ आली. इंग्रजीच्या देशात, इंग्रजी शिकवण्यासाठी, त्यांनी घरची भाषा आधी घेतली. माणमधल्या मुलासाठी मराठीतून वाचायला शिकणं हा इंग्रजीकडे जायचाच रस्ता आहे, असं मला मनापासून वाटतं.

"तिथं पैसा आहे," असं दादा म्हणतो, आणि ते खरं आहे. न्यू जर्सीत एका मुलामागे वर्षाला वीस हजार डॉलरहून जास्त खर्च होतो. आमच्या गावच्या दोन शिक्षकांपैकी एक मतदार यादीच्या कामाला गेला की दुसऱ्या बाई चार वर्ग एकत्र बसवतात. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पालक मुलं काढतात, मग पट आणखी खाली. हे दुष्टचक्र बाईंच्या हातात नाही. एक गोष्ट मात्र गावाकडे इथल्यापेक्षा सरस आहे: आपल्या शाळेत दुपारी सगळी मुलं एका पंगतीत जेवतात. इथे जेवणाचे पैसे थकले की घरी निरोप येतो, आणि मुलांना ते कळतं.

पैशाशिवाय होण्यासारखंही बरंच आहे. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर हे आमच्या इथल्या बोर्डापेक्षाही पुढचं आहे, कारण बोर्डावर पालकच हवेत असा इथे नियम नाही. आमच्या गावची समिती आहे, सह्याही होतात. वहिनीला विचारलं, शेवटची बैठक कधी झाली? तिला माहीत नव्हतं. तिच्या जावेचं नाव समितीत आहे, तिलाही नव्हतं.

म्हणून वहिनीला मी दुसऱ्या फोनवर हे सांगितलं. इमारत, रंग, भिंतीवरचा टीव्ही बघू नकोस. तुझ्या घरात पुस्तकं आहेत, तू बारावी झालेली आहेस, तुझा मुलगा कुठेही थोडंफार शिकेल. ज्या घरात कोणाला वाचता येत नाही, त्या घरातलं मूल शोध. ते तिसरीत असेल तर त्याला दुसरीचं पुस्तक वाचायला दे. आणि मग बाईंना विचार, हे कुठे अडतं? शाळेची परीक्षा मला तिथेच दिसते.

ती खरंच गेली. तिसरीत सहा मुलं. चौघांनी धडा वाचला. एक जोडाक्षरांशी थांबला. एक मुलगी मेंढपाळाच्या घरातली. दिवाळीनंतर मेंढरांबरोबर कोकणाकडे उतरलेली, यंदा आजीजवळ राहायला म्हणून लवकर परत आलेली. तिला अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. वहिनीनं बाईंना विचारलं. बाईंनी हजेरीपट न उघडता सांगितलं की तिला वेलांट्या आणि रफार जमत नाहीत, रोज परिपाठानंतर वीस मिनिटं दुसरीच्या दोघांबरोबर बसवते, आणि आजीकडे पाठीमागे चित्रं असलेली अक्षरांची पानं दिली आहेत. दुसरे गुरुजी त्या दिवशीही कामावर बाहेर होते.

"बाई चांगल्या आहेत गं," वहिनी म्हणाली. "पण यांची बदली झाली तर?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिला तसं सांगितलं. जावेनं समितीची बैठक मागितली आहे, येत्या शुक्रवारी आहे. दुसरे शिक्षक महिन्यातून किती दिवस वर्गात असतात हा विषय इतिवृत्तात लिहून घ्यायचा, एवढं दोघींनी ठरवलं आहे. दादानं व्हॅनवाल्याकडे मेअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.