‘ट्रायबल कोर्टात संविधानच नाही’: अर्ध्या सत्याचा पंचनामा

अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींच्या न्यायालयांबद्दल एक दावा वरचेवर फॉरवर्ड होत असतो: ‘ट्रायबल कोर्टांना अमेरिकेचं संविधान लागू नाही, आरोपीला वकील मिळत नाही, शिक्षा किरकोळ असते आणि बाहेरच्या माणसाला ही कोर्टं हात लावू शकत नाहीत. मग तिथल्या न्यायाधीशांच्या आणि बचावाच्या वकिलांच्या प्रशिक्षणावर पैसा कशाला?’ यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून पुढची तीन त्याच्या आडोशाने खपून जातात.

संविधानापासून सुरुवात करू. पाचवी घटनादुरुस्ती चेरोकी राष्ट्राच्या कोर्टावर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये टाल्टन विरुद्ध मेयस खटल्यात ठरवलं. फॉरवर्ड इथेच थांबतो. 1968 च्या इंडियन (इथे अर्थ अमेरिकेतले मूळनिवासी) सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टने बेकायदा झडतीपासून संरक्षण, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची मुभा, कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात मागणी केल्यास किमान सहा जणांची ज्युरी हे हक्क जमातींच्या कोर्टांनाही लागू केले. कोठडी बेकायदा वाटली तर हेबियस कॉर्पससाठी फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात जाता येतं.

वकिलाबाबत मात्र खरी मेख आहे. 1968 च्या कायद्याने वकील ठेवण्याचा हक्क दिला, पण आरोपीच्या खर्चाने. 2010 च्या ट्रायबल लॉ अँड ऑर्डर अ‍ॅक्टने एका गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, 15,000 डॉलरपर्यंत दंड आणि एका खटल्यात एकूण नऊ वर्षांची कमाल मर्यादा अशी सोय केली. एक वर्षापेक्षा जास्त कैद द्यायची तर गरीब आरोपीला परवानाधारक वकील जमातीच्या खर्चाने द्यावा लागतो. न्यायाधीशाकडे पुरेसं कायद्याचं शिक्षण आणि परवाना हवा, फौजदारी कायदे आणि पुराव्याचे नियम लोकांना वाचायला उपलब्ध हवेत आणि कामकाजाची नोंद हवी. बऱ्याच कोर्टांत वकिलीचा परवाना नसलेले, पण रीतीभाती जाणणारे प्रतिनिधी आरोपीची बाजू मांडतात. एरवी ते चालतं. वाढीव शिक्षेच्या खटल्यात केवळ त्यांच्यावर भागत नाही.

नोंदीची अट सोपी वाटते आणि तिथेच घोळ होतो. बचावाचा वकील माइकपासून दूर उभा राहून हरकत घेतो, साक्षीदार नुसती मान हलवतो, दोघे एकदम बोलतात. अपिलात त्या क्षणी टेपवर फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज उरतो. म्हणून सुरुवातीलाच खटल्याचा क्रमांक, तारीख आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगायची, मान हलली की ‘साक्षीदाराने होकार दिला’ असं बोलून घ्यायचं, आणि सुनावणी संपल्यावर फाइल ऐकून तिची दुसरी प्रत ठेवायची.

‘शिक्षा किरकोळ’ हा समज सर्वांत घातक. 2016 च्या ब्रायंट निकालानुसार, वकिलाशिवाय झालेली पण 1968 च्या कायद्याला धरून असलेली ट्रायबल कोर्टातली दोषसिद्धी नंतरच्या फेडरल खटल्यात मोजली जाते. घरगुती हिंसाचाराच्या अशा दोन नोंदी असतील, तर तिसऱ्या वेळी पाच वर्षांपर्यंत फेडरल कैद होऊ शकते. गंभीर दुखापत झाली असेल तर त्याहून जास्त. डेनेझपी खटल्यात (2022) आरोपीने कोर्ट ऑफ इंडियन ऑफेन्सेसमध्ये (स्वतःचं कोर्ट नसलेल्या जमातींसाठीचं कोर्ट) तडजोड करून 140 दिवस भोगले होते. त्याच प्रसंगावरून फेडरल कोर्टाने त्याला 30 वर्षं दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. हे ठाऊक नसलेला वकील ‘कबूल कर आणि मोकळा हो’ असा सल्ला देतो.

बाहेरच्यांबद्दल 1978 चा ओलिफंट निकाल आहेच: इंडियन नसलेल्यांवर जमातीचं कोर्ट फौजदारी खटला चालवू शकत नाही. पण 2013 मध्ये घरगुती हिंसाचारापुरता आणि 2022 मध्ये लैंगिक हिंसा, पाठलाग, मुलांवरील हिंसा अशा गुन्ह्यांपर्यंत जमातींना इतरांवरही खटला चालवता येऊ लागला. त्यासाठी ज्युरीची यादी पूर्ण समाजातून हवी. ती नुसत्या जमातीच्या सदस्यनोंदीतून काढली, की बचावाला आयती हरकत मिळते. रहिवासी आणि कर्मचारी यांच्या याद्या त्यात मिसळाव्या लागतात. कोठडी दिली तर हेबियसच्या हक्काची सूचनाही वेळेत द्यावी लागते.

(आपल्याकडे पेसाच्या, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्याच्या, वादात या कोर्टांचा दाखला दिला जातो. 1996 चा पेसा ग्रामसभेला रूढीने तंटे सोडवू देतो. कैद सुनावणारं फौजदारी कोर्ट ती नव्हे.)

राहिला प्रशिक्षणाचा खर्च. दोन दिवसांचं भाषणसत्र असेल तर तो वायाच, इतपत आम्हीही मानतो. उपयोगी पडते ती कोर्टाच्या कागदपत्रांवर बसून केलेली मदत: जमातीची कायदेसंहिता कलमवार तपासणं, सरावाचा खटला चालवून पाहणं, बचाव पथकाला पहिल्या भेटीचा तक्ता देणं. त्यात प्रश्न असे: आरोपी इंडियन आहे का, पीडित इंडियन आहे का, घटना इंडियन कंट्रीत (जमातींच्या राखीव क्षेत्रांसारख्या भूभागात) घडली का? कोणाचं कोर्ट हे प्रामुख्याने या तीन उत्तरांवर ठरतं. पब्लिक लॉ 280 ची (या कायद्याने इंडियन कंट्रीत फौजदारी अधिकार मिळालेली) राज्यं असतील तर चौथा प्रश्न लागतो. कबुलीजबाबाचा छापील नमुनाही असाच कामाचा. त्यात ‘समजलं का?’ हा प्रश्न ठेवू नका, उत्तर ‘हो’च येतं. वकिलाचा हक्क आणि फेडरल खटल्याची शक्यता आरोपीकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्या, टेप चालू असताना.