दोन डोंगर आणि मधला सूर्य

शाळेत चित्रकला शिकवू लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती की मुलांना मोकळे सोडले की त्यांची कल्पनाशक्ती आपोआप बहरते, म्हणून मी वर्गात जाऊन “मनाला येईल ते काढा” असे सांगत असे. दहा मिनिटांत निम्म्याहून अधिक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि काठावर कौलारू घर उभे राही. आमचा तालुका सपाट आहे. येथे सूर्य कपाशीच्या शेतामागून उगवतो आणि घरांवर पत्रे आहेत. मनाला येईल ते काढायला सांगितले की मनात आधीपासून पडून असलेले तयार चित्रच बाहेर येते, हे कळायला मला काही वर्षे लागली.

त्यानंतर मी मोकळीक कमी केली आणि अटी वाढवल्या. निळा रंग न वापरता पावसाळी आभाळ रंगवायचे, घर ते शाळा या वाटेवरची एकच वस्तू मुंगीच्या उंचीवरून पाहून काढायची, खोडरबर दप्तरातच ठेवायचे. अट घातली की पाठ केलेले चित्र उपयोगी पडत नाही, आणि मुलाला नाइलाजाने का होईना, डोळे उघडून पाहावे लागते.

अटींमुळे चित्र आक्रसते असे वाटणाऱ्यांनी वारली चित्रे पाहावीत. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. एवढ्याच सामग्रीत दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस नाचू लागतो. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, लिहिणे हे परंपरेने सुवासिनींचे काम होते. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती भाषा रोजच्या जगण्याकडे, मासेमारीच्या जाळ्याकडे वळवली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्रिकोण तोच, जो आमच्या मुलांच्या डोंगरात असतो. (हल्ली शिबिरांतून वारलीचे छापील नमुने गिरवून घेतात, तो प्रकार मात्र मला पटत नाही.)

शासकीय रेखाकला परीक्षांविषयी माझे मत मिश्र आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमुळे कित्येक गावांतील मुलांच्या हाती प्रथमच नीट रंग आले, हे मी नाकारणार नाही. परंतु दहावीच्या वाढीव गुणांसाठी स्मरणचित्राची तयारी गाईडमधल्या आकृत्या पाठ करून होते, तेव्हा त्यात स्मरण कशाचे उरते? छत्रीखालचा माणूस सगळ्यांचा एकाच बाजूला वळलेला असतो.

माझी स्वतःची चूक याहून मोठी होती. मुलाचे चित्र “जरा नीट करून” देण्याची मला सवय होती. नाक सरळ करायचे, हाताची लांबी दुरुस्त करायची. प्रदर्शनात ती चित्रे उठून दिसत आणि पालक खूश होत, पण त्यानंतर ते मूल प्रत्येक रेषेला माझ्याकडे पाहून थांबे. आता मी कागदाला हात लावत नाही, फक्त विचारतो.

गेल्या वर्षी एकाने हापशीवरची रांग काढली होती. कागदभर घागरी आणि लुगड्यांचे काठ होते, बायकांचे चेहरे मात्र एकाही ठिकाणी नव्हते. तोंडे कुठे गेली, असे मी विचारल्यावर तो म्हणाला, “सर, मी खाली बसलो होतो, तिथून एवढंच दिसत होतं.”