‘होते’चा ‘हॅड’ केला, तर पोराचं काय चुकलं?

आज संध्याकाळी बहिणीचा मुलगा, आठवीतला, इंग्रजीची वही घेऊन आला आणि काही न बोलता बसून राहिला. ‘माय ग्रँडफादर हॅड गॉन टू द मार्केट यस्टरडे.’ या वाक्यावर लाल रेघ, बाजूला शेरा: काळ चुकला. बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि ‘मराठी मीडियम!’ म्हणून पोरं हसली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

चुकलं, मान्य. पण का चुकलं? घरात आपण काय म्हणतो? ‘आजोबा काल बाजारात गेले होते.’ गेले, परत आले, विषय संपला. आपल्या ‘होते’त एवढं सगळं मावतं. पोराने त्या ‘होते’चा ‘हॅड’ केला. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र सहसा दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधारानेच उभा राहतो. आजोबा स्टँडवर पोचले, त्याआधीच कदंबाची बस सुटली होती, तर तिथे ‘हॅड लेफ्ट’. नुसते काल बाजारात गेले, तर ‘वेंट’. दोन मिनिटांचं काम हो! ही दोन मिनिटं कुणाकडेच नसतात?

मला कुणी दिली नव्हती. 1998 साली पणजीत एका हॉटेलात रिसेप्शनच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते, आईची ठेवणीतली साडी नेसून. गोव्यात किती वर्षं, असं विचारलं. मी म्हटलं, ‘आय ॲम लिव्हिंग इन बिचोलिम सिन्स बर्थ.’ समोरचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. पुढचा प्रश्न आलाच नाही. परतताना बस मांडवीच्या पुलावर आली तरी मला उमगत नव्हतं की मी बोलले तरी काय. जन्मापासून डिचोलीतच, म्हणजे इंग्रजीतल्या बिचोलिममध्येच, राहत होते ना मी!

बारा काळांचा तक्ता मला तोंडपाठ होता. पूर्ण, अपूर्ण, सगळे. त्या खुर्चीत त्यातला एकही उपयोगी पडला नाही. ‘जन्मापासून राहते’ म्हणताना मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मात्र मागून आजपर्यंत आलेली दोरी ‘हॅव’ने दाखवावी लागते. हे मला कळलं तिशी उलटल्यावर, तेही माझं मीच. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्रजीतून, आपण बहुतेक असेच शिकलो. मधली फळी कुणी टाकलीच नाही.

आणि काळाच्या बाबतीत सरळ कुठली भाषा आहे? आईने हाक मारली की आपण ‘आले!’ म्हणतो, कोंकणीत ‘आयलें!’. पाय अजून उंबऱ्याच्या आत आणि क्रियापद भूतकाळात. इंग्रजीत तरी काय, उद्या सहाची बस ‘लिव्ह्ज ॲट सिक्स’, चक्क वर्तमानकाळात. भविष्यासाठी क्रियापदाला स्वतःचं वेगळं रूपही नाही, ‘विल’ जोडून भागवतात. हे असं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं तर कुठल्या पोराला कळणार नाही?

वर्गात खूप मुलं असतात, पोर्शन संपवायचा असतो, ठीक आहे. भाषा ऐकून-वाचूनच येते, तेही खरं. त्या बाईही बहुधा त्याच तक्त्यावर शिकल्या असतील, त्यांनाही कुणी तरी हसलं असेल. लिहिता लिहिता त्यांच्यावरचा राग थोडा उतरला. पण वर्गात हसू देणं? नाही. ते दोघे हसल्यानंतर मी चार वर्षं कुणासमोर इंग्रजी बोलले नाही. चार वर्षं!

आज भाच्याला ती मुलाखत सांगितली. तो म्हणाला, ‘मग मावशी, बरोबर काय होतं?’

‘आय हॅव लिव्हड इन बिचोलिम ऑल माय लाइफ.’

लाल रेघेखाली त्याने ते लिहून घेतलं. पेन दातात धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ‘पण आता तू फोंड्यात राहतेस ना? म्हणजे आता ‘हॅव’ नाही. नुसतं ‘लिव्हड’.’